वायुप्रवाहात द्रवाचा पातळ थर कशाने फुटतो: संक्षुब्धतेने की लाटांमुळे?

तुषारवेध (धागाकर्ता)

नळीच्या आतल्या भिंतीवर पाण्याचा पातळ थर आहे आणि मधल्या पोकळीतून हवा किंवा वाफ वेगाने वाहते आहे, अशा प्रवाहाला वलयाकार प्रवाह म्हणतात. बाष्पित्रांच्या (बॉयलरच्या) नळ्यांत तो असतो, वायुविहिरींत असतो, आणि तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांच्या इंधनसळ्यांभोवती तो १९६९ पासून परिचित आहे. वेग पुरेसा वाढला की या थरातून थेंब सुटून मधल्या प्रवाहात मिसळू लागतात. याचे स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात उरकलेले दिसते: वायूचा प्रवाह संक्षुब्ध, म्हणजे अनियमित भोवऱ्यांनी ढवळलेला असतो, त्यातले भोवरे थरावर आदळतात आणि थर फाटतो. हे चित्र मला अपुरे वाटते, आणि ते का, हे आकड्यांनिशी मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

एक साधा अंदाज घेऊ. हवेचा वेग सेकंदाला २० मीटर धरा. नळीतल्या संक्षुब्ध प्रवाहात भिंतीजवळच्या घर्षणाशी निगडित असलेला वेग, ज्याला घर्षणवेग म्हणतात, तो सरासरी वेगाच्या साधारण विसाव्या भागाइतका, म्हणजे सेकंदाला १ मीटर येतो. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम असल्यामुळे पृष्ठभागाला समांतर ओढणारा ताण सुमारे १.२ पास्कल होतो. भोवऱ्यांमुळे भिंतीवर दाबाचे जे चढउतार होतात ते या ताणाच्या दोन ते तीन पट असतात. म्हणजे हातात आले ३ ते ४ पास्कल. आता विरुद्ध बाजू पाहा. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन आहे. पृष्ठभागावर १ मिलिमीटर वक्रतात्रिज्येचा उंचवटा उभा करायचा तर पृष्ठताण त्याला सुमारे ७२ पास्कल दाबाने परत सपाट करू पाहतो. चार पास्कलांचे धक्के बहात्तर पास्कलांचा प्रतिकार मोडू शकत नाहीत. परंतु त्याच हवेचा गतिज दाब, म्हणजे घनता आणि वेगाच्या वर्गाचा निम्मा गुणाकार, २४० पास्कल भरतो. सपाट थराला हा दाब जाणवतच नाही, कारण हवा त्याला समांतर वाहते. थरातून काही वर डोकावले, तर मात्र तो दाब त्या उंचवट्यावर समोरून पडतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की वायू थर फोडत नाही. तो आधी लाट उभी करतो आणि मग लाटेचा माथा फोडतो. लाट उभी राहणे आणि माथा फुटणे या दोन वेगळ्या घटना आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि संक्षुब्धतेची भूमिका दोन्हींत निरनिराळी आहे. एकाच वाक्यात दोन्ही कोंबल्यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो.

नळीतल्या प्रयोगांत हे डोळ्यांनी दिसते. थरावर दोन प्रकारच्या लाटा असतात. एक, बारीक तरंग, जे अल्पजीवी असतात आणि थरातील पाण्याची फारशी वाहतूक करत नाहीत. दुसऱ्या मोठ्या लाटा, ज्यांना इंग्रजी साहित्यात डिस्टर्बन्स वेव्ह म्हणतात: त्या तळच्या थराच्या कित्येक पट उंच असतात, नळीच्या परिघाभोवती पसरलेल्या असतात आणि तळच्या थरापेक्षा पुष्कळ वेगाने धावतात. थेंब सुटण्याची सुरुवात आणि या मोठ्या लाटांचे आगमन या दोन गोष्टी एकाच सुमारास घडतात. १९६९ मध्ये वुडमनसी आणि हॅनरॅटी यांनी वेगवान छायाचित्रणातून दाखवले की मोठ्या लाटेच्या पाठीवरचा एखादा बारीक तरंग वाऱ्याने उचलला जातो, त्याचा मधला भाग कमानीसारखा फुगतो आणि मग फुटतो. पुढे अ‍ॅझोपार्डी यांनी १९८३ मध्ये फुटण्याचे दोन प्रकार वेगळे केले: कमी वेगाला पिशवीसारखा फुगवटा येऊन फुटणे, आणि जास्त वेगाला माथ्यावरून लांब तंतू ओढले जाऊन त्यांचे थेंब होणे.

ज्यांनी या विषयात प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी आपले अनुभव आणि आक्षेप अवश्य लिहावेत.

सागरवेल

तुषारवेध, मांडणी आवडली. माझा अभ्यास समुद्रावरच्या लाटांचा आहे, त्यामुळे पहिल्या टप्प्याबद्दल विचारतो. कपातल्या चहावर हळू फुंकर घातली तरी तरंग उठतात. हेल्महोल्ट्झ यांनी १८६८ मध्ये आणि केल्व्हिन यांनी १८७१ मध्ये मांडलेल्या अस्थिरतेच्या सिद्धांताप्रमाणे मात्र पाण्यावर लाट उठण्यासाठी वाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर हवा. निसर्गात त्याहून कितीतरी मंद वाऱ्याला लाटा उठतात, हे केल्व्हिन यांनाही ठाऊक होते. ही तफावत भरून काढण्यासाठी जेफ्रीज यांनी १९२५ मध्ये असे सुचवले की लाटेच्या आडोशाच्या बाजूला हवा पृष्ठभागापासून सुटते आणि पुढची व मागची बाजू यांच्यातील दाबफरकामुळे लाटेला ऊर्जा मिळते. नंतर १९५७ या एकाच वर्षी दोन सिद्धांत आले. फिलिप्स यांच्या सिद्धांतात संक्षुब्ध हवेतील दाबाचे चढउतारच लाटांशी अनुनाद साधून त्यांना वाढवतात. माइल्स यांच्या सिद्धांतात सरासरी वेगाच्या उंचीनुसार बदलणाऱ्या आलेखातून लाटेकडे ऊर्जा जाते, आणि ज्या उंचीवर वाऱ्याचा वेग लाटेच्या वेगाइतका असतो तो स्तर त्यात निर्णायक ठरतो.

माझा प्रश्न असा: फिलिप्स यांचा मार्ग मान्य केला, तर संक्षुब्धतेचा थेट वाटा आपण म्हणता तितका नगण्य राहतो का?

तुषारवेध

सागरवेल, अत्यंत योग्य जागी बोट ठेवलेत. फिलिप्स यांच्या मार्गाने होणारी वाढ काळाच्या सम प्रमाणात, म्हणजे संथ असते. माइल्स यांच्या मार्गाने होणारी वाढ घातांकी असते. त्यामुळे संक्षुब्धतेचे धक्के पहिली सुरकुती पाडतात आणि पुढची वाढ सरासरी प्रवाह करतो, अशी विभागणी समुद्रासाठी बहुतेक जण स्वीकारतात. त्यातही एक बारकावा आहे. सरासरी वेगाचा तो आलेख लॉगरिदमी आकाराचा असतो आणि त्याला तसा आकार संक्षुब्धताच देते. म्हणजे भोवरे लाटेला थेट ढकलत नसले, तरी ज्या प्रवाहातून लाट ऊर्जा घेते त्याची घडण ते करतात.

मात्र पातळ थर म्हणजे छोटा समुद्र नव्हे. समुद्राला तळ जाणवत नाही. आपल्या थराची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी असते आणि भिंत त्याला श्यानतेमार्फत, म्हणजे द्रवाच्या आतल्या घर्षणामार्फत, धरून ठेवते. याचा परिणाम ठसठशीत आहे. इशी आणि ग्रोल्म्स यांनी १९७५ मध्ये थेंब सुटण्याच्या सीमारेषा एकत्र मांडल्या, तेव्हा असे दिसले की थराचा रेनॉल्ड्झ अंक (प्रवाहाचे जडत्व आणि श्यानता यांचे गुणोत्तर) साधारण १६० च्या खाली असेल, तर वायूचा वेग कितीही वाढवला तरी थेंब सुटत नाहीत. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सामान्य तापमानाच्या पाण्यासाठी याचा अर्थ सेकंदाला सुमारे ३ ग्रॅम पाणी असा होतो. वायूची संक्षुब्धता हे एकटे कारण असते, तर वेग वाढवत नेल्यावर अगदी पातळ थरही कधीतरी फाटायला हवा होता. तो फाटत नाही, कारण इतक्या कमी पाण्यात मोठी लाट तयारच होत नाही. माझ्या दृष्टीने या प्रश्नावरचा सर्वांत बोलका पुरावा हाच आहे.

उलट दिशेचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. लाटा उठल्या की वायूला भिंत खडबडीत भासते. वॉलिस यांच्या १९६९ च्या सूत्रानुसार घर्षणगुणांक १ अधिक ३०० गुणिले थराची जाडी भागिले नळीचा व्यास, इतक्या पटीने वाढतो. १० मिलिमीटरच्या नळीत ०.१ मिलिमीटर जाडीचा थर असला तर घर्षण चौपट होते. लाटेमुळे संक्षुब्धता वाढते; संक्षुब्धतेमुळे लाट निर्माण होते असे सरसकट म्हणताना ही बाजू विसरली जाते.

बाष्पमार्ग

मी औष्णिक आणि अणुऊर्जा क्षेत्रात द्विप्रावस्था (द्रव आणि वायू एकत्र असलेल्या) प्रवाहाच्या गणनेचे काम केले आहे. तुषारवेध यांचा हिशेब हवा आणि पाणी यांच्यासाठी, तोही वातावरणीय दाबाला, बरोबर आहे. पण धाग्याच्या सुरुवातीला ज्या तारापूरचा उल्लेख आहे तेथील परिस्थितीत आकडे घाला आणि काय होते ते पाहा.

उत्कलन जल अणुभट्टीत, म्हणजे जिच्यात पाणी भट्टीतच उकळते अशा तारापूरच्या प्रकारच्या अणुभट्टीत, दाब सुमारे ७० बार असतो. त्या दाबाला पाणी २८६ अंश सेल्सिअसला उकळते, वाफेची घनता घनमीटरला सुमारे ३६.५ किलोग्रॅम असते, म्हणजे हवेच्या तीसपट, आणि पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०१८ न्यूटनच्या आत येतो, म्हणजे खोलीतल्या पाण्याच्या चौथाईपेक्षाही कमी. वाफेचा वेग सेकंदाला १० मीटर धरला आणि घर्षणवेग त्याच्या विसाव्या भागाइतका घेतला, तर समांतर ताण ९ पास्कल आणि दाबाचे चढउतार २५ पास्कलांच्या आसपास येतात. १ मिलिमीटर वक्रतेच्या उंचवट्याचा प्रतिकार मात्र १८ पास्कलांहून कमी आहे. म्हणजे येथे भोवऱ्यांचे धक्के पृष्ठताणाला भारी पडू शकतात. शिवाय त्या तापमानाला पाण्याची श्यानताही खोलीतल्या पाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून थोडी कमीच असते, त्यामुळे भिंतीची पकडही सैल होते.

हवा-पाण्याच्या नळीत काढलेले निष्कर्ष उच्च दाबाच्या वाफेला लावताना मी म्हणूनच फार सावध असतो. प्रयोगशाळेत पारदर्शक नळीतून सुंदर छायाचित्रे मिळतात ती हवेची. ज्या ठिकाणी उत्तराची खरी गरज आहे तेथे पोलादी भिंतीआड २८६ अंशांचे पाणी आहे.

तुषारवेध

बाष्पमार्ग, हा आक्षेप चर्चेला मोलाचा आहे, आणि त्यामुळे विधान अधिक नेमके करता येते. दोन्ही उदाहरणांत संक्षुब्ध चढउतार आणि सरासरी प्रवाहाचा गतिज दाब यांचे गुणोत्तर काढा. हवेसाठी ३.६ भागिले २४०, वाफेसाठी २७ भागिले १८२५. दोन्हींचे उत्तर सुमारे दीड टक्का. घनता दोन्ही बाजूंना सारखीच येत असल्याने ती उडून जाते. म्हणजे संक्षुब्धतेचा हिस्सा वाढलेला नाही. वाढला आहे तो वायूचा एकूण जोर, आणि तो पृष्ठताणाच्या तुलनेत इतका वाढला आहे की त्याचा दीड टक्काही आता उंबरठा ओलांडतो. १ मिलिमीटरच्या उंचवट्यासाठी वेबर अंक (वायूचा जोर आणि पृष्ठताण यांचे गुणोत्तर) काढला, तर हवेत तो ७ च्या आत राहतो आणि वाफेत २०० च्या वर जातो.

यावरून मी असे म्हणेन की उच्च दाबाच्या वाफेत पहिल्या टप्प्याला, म्हणजे लाट उभी राहण्याला, संक्षुब्धता थेट हातभार लावू शकते, आणि अगदी लहान उंचवटेही टिकत नाहीत. पण जो उंचवटा वर आला त्याचा चुरा करण्याचे काम तेथेही उरलेले साडेअठ्ठ्याण्णव टक्के करतात.

श्वसनवैद्य

या चर्चेत एक वेगळे उदाहरण मांडण्याची परवानगी घेतो. श्वासनलिकेच्या आतल्या भिंतीवर श्लेष्म्याचा पातळ थर असतो, आणि खोकताना त्यावरून हवा वेगाने जाते. निरोगी प्रौढाच्या खोकल्यात हवेचा उच्चतम प्रवाह सेकंदाला ६ लिटर किंवा त्याहून अधिक असतो. १८ मिलिमीटर व्यासाच्या श्वासनलिकेत याचा वेग सेकंदाला २४ मीटरच्या आसपास होतो, आणि खोकताना छातीतील दाबाने नलिका आकसत असल्यामुळे आकसलेल्या भागात तो आणखी वाढतो. म्हणजे आपण घेतलेल्या २० मीटरच्या उदाहरणाच्या अगदी जवळ.

वैद्यकीय व्यवहारात आम्हाला दिसणारी गोष्ट आपल्या मांडणीशी जुळते. निरोगी थर काही दशक मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि खोकल्याने तो फारसा हलत नाही. तो हलवण्याचे काम पेशींवरची सूक्ष्म रोमके करतात. श्लेष्मा साचून थर जाड झाला की मगच खोकला परिणामकारक ठरतो. स्नायूंच्या दुर्बलतेमुळे ज्यांचा उच्चतम प्रवाह मिनिटाला १६० लिटरच्या खाली जातो त्यांना कफ बाहेर काढता येत नाही, हा अंक आम्ही रुग्ण तपासताना नेहमी वापरतो.

एक फरक मात्र नोंदवला पाहिजे. श्लेष्मा पाण्यासारखा द्रव नाही. तो ताणला जातो, काही मर्यादेपर्यंत लवचिकपणे परत येतो आणि ठरावीक ताण ओलांडल्यावरच वाहू लागतो. बॅसर, मॅकमहॉन आणि ग्रिफिथ यांनी १९८९ मध्ये श्लेष्म्यासारख्या जेलच्या थरावरून हवेचे झोत सोडून या प्रक्रियेचा अभ्यास केला, आणि तेथेही सुटणारा पदार्थ लाटेच्या रूपानेच पुढे सरकतो असे त्यांना आढळले. खोकल्यातून बाहेर पडणाऱ्या थेंबांच्या आकारात जी प्रचंड विविधता दिसते तिचे एक मूळ या लांब ताणल्या जाणाऱ्या तंतूंत आहे, असे मला वाटते.

समीकरण

जेट इंजिनाच्या इंधनफवाऱ्याचे उदाहरण अजून आलेले नाही. तेथे इंधन एका पातळ पत्र्यावर थराच्या रूपात पसरवतात आणि दोन्ही बाजूंनी वेगवान हवा सोडतात. १९६० च्या दशकात लेफेब्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रॅनफील्ड येथे या पद्धतीवर पायाभूत काम केले. आपल्याला सहज वाटेल की पत्र्यावरच्या थरातल्या लाटा जशा असतील तसे थेंब होतील. कार्ल्सरूह येथील प्रयोगांत मात्र असे दिसले की इंधन पत्र्याच्या कडेपाशी साठते, त्या साठ्यातून पिशव्या आणि तंतू ओढले जातात, आणि थेंबांचा आकार मुख्यतः हवेच्या वेगावर व कडेच्या जाडीवर ठरतो; मागच्या थराच्या जाडीचा प्रभाव अल्प राहतो. म्हणून तुषारवेध यांच्या सूत्रात मी थोडी भर घालीन: उंचवटा लाटेचाच असला पाहिजे असे नाही, कडेवरचा साठाही तेच काम करतो.

संक्षुब्धतेबद्दलही एक मुद्दा आहे. द्रवाच्या झोताशेजारून समांतर हवा सोडण्याच्या ग्रेनोबल येथील प्रयोगांत लाटेची लांबी ही हवेच्या सीमास्तराच्या (पृष्ठभागालगतच्या, वेग कमी असलेल्या पट्ट्याच्या) जाडीवर आणि द्रव व हवा यांच्या घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर अवलंबून असल्याचे आढळले. हवा-पाण्यासाठी ते वर्गमूळ २९ च्या जवळ येते. मग २०१५ मध्ये माटास आणि सहकाऱ्यांनी हवेतली संक्षुब्धता मुद्दाम वाढवून पाहिली, तेव्हा लाटांची वारंवारता लक्षणीय वाढली. अस्थिरतेच्या गणितात हवेच्या श्यानतेच्या जागी भोवऱ्यांमुळे येणारी वाढीव श्यानता घातल्यावर हा बदल समजावता आला. भोवरे येथे द्रवावर आदळून काही करत नाहीत. ते हवेची श्यानता वाढवल्यासारखा परिणाम करून लाटेचा ताल बदलतात.

सागरवेल

समीकरण यांच्या शेवटच्या मुद्द्यामुळे माझ्या मूळ प्रश्नाचे समाधान झाले. एक राहिले: एकदा सुटलेले थेंब पुन्हा थरात परततात का, आणि परतत असतील तर त्यात संक्षुब्धतेचे स्थान काय?

बाष्पमार्ग

परततात, आणि माझ्या मते वलयाकार प्रवाहात संक्षुब्धतेचे सर्वांत निर्विवाद कार्य हेच आहे. लहान थेंबांना मधल्या प्रवाहातून आडवे नेऊन भिंतीवरच्या थरापर्यंत पोहोचवणारी दुसरी मोठी यंत्रणा उभ्या नळीत नसते. हे काम भोवऱ्यांच्या विसरणाने, म्हणजे भोवऱ्यांनी थेंब इकडेतिकडे पसरवल्याने, होते. थेंबांची गर्दी फार वाढली की भोवरे मंदावतात आणि परतीचा दर घटतो, हेही गणनेत धरावे लागते.

अणुभट्टीच्या सुरक्षेचा हिशेब याच देवाणघेवाणीवर उभा आहे. इंधनसळीवरच्या थरातील पाणी तीन कारणांनी बदलते: थेंब परतल्याने वाढते, थेंब सुटल्याने घटते आणि बाष्पीभवनाने घटते. ७० बार दाबाला एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यासाठी सुमारे १५०० किलोजूल लागतात. म्हणजे सळीच्या पृष्ठभागातून चौरस मीटरला १ मेगावॅट उष्णता बाहेर पडत असेल, तर दर चौरस मीटरवरून सेकंदाला सुमारे ०.६६ किलोग्रॅम पाणी केवळ बाष्पीभवनानेच जाते. ब्रिटनच्या हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात १९६० च्या दशकात ह्यूइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापवलेल्या नळीच्या टोकाशी थरातले पाणी वेगळे काढून मोजले आणि दाखवले की ज्या उष्णतेला थराचा प्रवाह शून्यावर येतो, त्याच उष्णतेला भिंतीचे तापमान एकाएकी चढते. यालाच ड्रायआउट म्हणतात, आणि उत्कलन जल अणुभट्टी या मर्यादेपासून ठरावीक अंतर राखूनच चालवली जाते.

इंधनसळ्या एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरणाऱ्या जाळ्यांचा परिणामही येथे दिसतो. जाळीतून गेल्यावर वाफेत संक्षुब्धता वाढते, थेंब अधिक प्रमाणात भिंतीकडे फेकले जातात आणि जाळीच्या लगेच पुढे थर पुन्हा जाड होतो. म्हणून ड्रायआउट बहुधा सळीच्या वरच्या भागात, पुढच्या जाळीच्या थोडेसे अलीकडे प्रथम आढळते, कारण मागच्या जाळीचा लाभ तोवर संपलेला असतो.

तेथेही मोठ्या लाटांचा ठसा सापडतो. पहिल्यांदा कोरडा पडतो तो दोन लाटांमधला पातळ तळथर. पुढची लाट येऊन गेली की जागा पुन्हा ओली होते आणि मग परत कोरडी पडते. त्यामुळे ड्रायआउटच्या अगदी उंबरठ्यावर भिंतीचे तापमान सरळ न चढता खालीवर होत राहते.